शाळेला भागीदार हवेत, पण कोणत्या मुलांसाठी?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेल्या जूनपासून तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक आहात. मुलांचे वडील बहुतांशी यंत्रमागावर आहेत आणि आया घरी विड्या वळतात. समाजाचा सहभाग वाढवा, मुलांना शिक्षणाच्या वेगवेगळ्या वाटा दाखवा, असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. म्हणून तुम्ही वर्षभरात एका टॉवेल कारखान्याला मुलांची भेट घडवली, एका सेवाभावी मंडळाकडून वह्या मिळवल्या आणि करिअर मार्गदर्शनाचे एक व्याख्यान ठेवले. तरीही नववीतून दहावीत जाताना अकरा मुले गळाली, आणि मागच्या वर्षी दहावी झालेली मुले आज कुठे आहेत याची शाळेत कोठेही नोंद नाही. आता आणखी कोणाला जोडून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरातच एकतीस वर्षे शिकवले, त्यांपैकी शेवटची बारा वर्षे मुख्याध्यापिका होते, आणि माझी शाळाही अशाच वस्तीतली होती. त्या अनुभवावरून सांगते, की या घडीला कोणालाही नव्याने जोडू नका. मदत करू इच्छिणाऱ्या माणसांची आपल्या शहरात वानवा नाही. उणीव आहे ती माहितीची. ती अकरा मुले नेमकी का गेली हे शाळेला ठाऊक नसेल, तर मदत करायला आलेल्या माणसाला आपण काय मागणार? मग तो त्याच्या मनाने देतो, आणि मनाने द्यायचे म्हटले की माणूस वह्या देतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण आपणच त्याला दुसरे काही मागितलेले नसते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून ठेवते. तुमची संस्था तुम्हाला किती मोकळीक देते, हा पहिला मुद्दा. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकाने संस्थेला विचारल्याशिवाय बाहेरच्या कोणाशी काही ठरवले, की पहिल्याच अडचणीला तो एकटा पडतो. दुसरा मुद्दा घरातल्या भाषेचा. शाळेचे माध्यम मराठी असले, तरी पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड किंवा उर्दू, आणि पालकसभेत गप्प बसलेली आई पुष्कळदा केवळ भाषेमुळे गप्प असते. तिसरा मुद्दा अंतराचा. विडी कामगारांची मोठी वसाहत शहराबाहेर कुंभारीकडे झाली, त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगरात १५,००० घरांचा ताबा कामगारांना मिळाला. स्वतःचे घर झाले ही फार मोठी गोष्ट आहे. पण ज्या शाळेत मूल पायी जात होते, ती शाळा त्याच दिवशी दूर गेली. तुमची मुले जुन्या वस्तीतलीच आहेत की कुंभारीहून येतात, यावर पुढचे बरेच काही ठरेल.

आता कामाकडे येते. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीचे पुस्तक, घेऊन बसा आणि मागच्या तीन वर्षांत दाखला नेलेल्या आणि दाखला न नेताच यायची थांबलेल्या मुलांची नावे एका कागदावर काढा. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण बहुतेक ठिकाणी ‘पालकाच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिलेले सापडेल. त्या शब्दांमागे काय आहे हे कळण्यासाठी घरी जाण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही एका जूनमध्ये वर्गशिक्षकांसह चौदा घरी गेलो होतो. काही घरे नव्या वसाहतीत गेली होती आणि मुलाच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही झेपत नव्हते. काही मुली धाकट्या भावंडांसाठी घरी थांबल्या होत्या. काही मुलगे गणितात आणि इंग्रजीत मागे पडत गेले आणि वर्गात उभे राहण्याची लाज वाटून येईनासे झाले. दोन मुलांचे वडील आजारी पडले आणि त्यांच्या मागावर मुलगा उभा राहिला. चारही कारणे निराळी, तेव्हा चारही ठिकाणी हवा असलेला माणूस निराळा. पहिल्या गटाला पास काढून देणारा माणूस हवा; गावातून शाळेत येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण त्याचे कागद शाळेने स्वतः पुरे केले नाहीत तर तो वेळेवर हातात पडत नाही. दुसऱ्या गटाला शेजारची बालवाडी हवी. तिसऱ्याला महाविद्यालयातला कोणी तरी, जो आठवड्यातून दोन संध्याकाळी न रागावता अपूर्णांक शिकवील. चौथ्याला आधी दवाखाना आणि मग आपण. यांतल्या एकाही घराला वह्यांची गरज नव्हती.

त्या चौदांतले एक घर माझ्या मनातून जात नाही. नववीतली मुलगी आईच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन बसली होती. भिजवलेली तेंदूची पाने पत्र्याच्या साच्याने कापलेली, बाजूला तंबाखू, बोटाला दोरा. माझ्याशी बोलताना तिची बोटे एकदाही थांबली नाहीत. आईने दिवसभरात किती विड्या दिल्या, खराब म्हणून किती बाजूला निघाल्या, मग हजारी दराने हातात किती पडायला हवेत आणि प्रत्यक्षात किती पडले, हा सगळा हिशेब त्या मुलीने मला तोंडी सांगितला, आणि तो बरोबर होता. शाळेत हीच मुलगी शेकडेवारीच्या चाचणीत नापास झाली होती. मी घरी आले आणि त्या रात्री आमच्या गणिताच्या शिक्षकांना फोन केला. पुढच्या आठवड्यात त्यांनी शेकडेवारीचा पाठ विड्यांच्या आणि टॉवेलांच्या हिशेबाने पुन्हा घेतला. भागीदारीतले पहिले पाऊल म्हणून मी याच प्रसंगाकडे पाहते, कारण त्या दिवसापासून आमचे शिक्षक घरांकडे शिकण्याची जागा म्हणून पाहू लागले.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिला भागीदार पालक. हे सगळेच म्हणतात. पण पालकसभा सकाळी अकराला ठेवतात, आणि त्याच सुमारास आया विड्या घेऊन कारखान्यात गेलेल्या असतात. माल देण्याची वेळ चुकली तर दिवसाची मजुरी बुडते. आम्ही विचारून पाहिले, तेव्हा आयांनी संध्याकाळी सातनंतरची वेळ सांगितली आणि जागा म्हणून शाळेऐवजी वस्तीतला मंदिराचा मंडप सुचवला. आम्ही गेलो. सभा मराठीत सुरू केली आणि एका आजींनी ती तेलुगूत पुढे नेली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनुदानित शाळेत या समितीची भूमिका सल्लागाराची आहे, आणि तो कायदा आठवीपर्यंतचाच, हेही खरे. तरी समितीत सहीपुरती नावे घालण्यापेक्षा मंडपात बोललेल्या दोन आया घ्या. आमच्या समितीतल्या एका आईने सुचवले म्हणून सहामाही परीक्षेच्या आठवड्यात तिच्या गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी विड्यांना बसवायचे नाही असे ठरले. ते तिने ठरवले म्हणून पाळले गेले. मी सांगितले असते तर माना डोलावल्या असत्या आणि काम चालू राहिले असते.

पालकांनंतर वस्तीतली कसबी माणसे. मुलांना कारखाना पाहायला नेणे वाईट नाही, पण साठ मुलांची रांग खडखडणाऱ्या मागांमधून वीस मिनिटांत बाहेर पडते आणि आवाजापलीकडे त्यांना काही आठवत नाही. त्याउलट कारखान्यातला एक माणूस वर्गात आणून पाहा. आमच्याकडे एक वयस्कर जॉबर यायचे. जॉबर म्हणजे माग जोडणारा आणि दुरुस्त करणारा मिस्त्री, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यांनी जुन्या जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, पुठ्ठ्याची कार्डे आणली, दोऱ्याने एकमेकांना शिवलेली. एक कार्ड खिडकीशी धरून त्यांनी मुलांना भोके दाखवली. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो. मधून बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा जातो. पुढचे कार्ड फिरते, पुन्हा तेच. अशा शेकडो कार्डांतून चादरीवरचे मोराचे पीस उमटते. मग आमच्या विज्ञान शिक्षकांनी चौकटीच्या कागदावर प्रत्येक मुलाला स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर भोक आणि बिनभोक अशा दोनच खुणांनी काढायला लावले, आणि संगणकातही दोनच खुणा असतात हे त्यांना सांगितले. त्या दिवशी सर्वांत नीट अक्षर काढले ते एका मुलाने, ज्याचे वडील जेकार्डवरच होते आणि जो वर्गात एरवी शेवटच्या बाकावर असे. तास संपल्यावर तो जॉबरांशी तेलुगूत बोलत उभा राहिला आणि आम्ही कोणी त्याला हाक मारली नाही.

त्या माणसाला आम्ही काय दिले, असे तुमच्या मनात येईल. जाण्यायेण्याचे भाडे, चहा, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच दिलेले सहा दिवसांचे वेळापत्रक. पगारी माणसाची सुट्टीची वेळ आपण घेतो, तेव्हा ती आपल्या सोयीने घ्यायची नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडून शिकणे सुचवलेले आहे. तुम्हाला वरिष्ठांना उत्तर द्यायचे असेल तर तो आधार पुरेसा आहे. मात्र हे दहा दिवस एकत्र उरकू नका. वर्षभर विखरून ठेवलेत, तर त्यांतून शिकलेले मधल्या दिवसांत वर्गात उतरते.

सोलापूरला माणसे आणि संस्था किती प्रकारच्या आहेत, याची यादी मी देत बसत नाही, ती तुम्ही करू शकाल. शाळेच्या गणवेशांची शिलाई हा इथला मोठा धंदा आहे, त्यात कापडाची कटाई कशी करतात हे पाहिले तर क्षेत्रफळ पुन्हा शिकवावे लागत नाही. केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. २००४ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ आहे, जिथले विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांसाठी काम शोधत असतात, आणि संध्याकाळचे गणित शिकवायला हीच मुले सर्वांत उपयोगी पडतात, कारण ती वयाने जवळची असतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या शिक्षकांना एक धीर आला. पुस्तकांत क्यूआर कोड देण्याच्या त्यांच्या कल्पनेइतकेच मला त्यांचे दुसरे काम मोलाचे वाटते: पाठ्यपुस्तक त्यांनी मुलांच्या घरच्या भाषेत नेले.  आपल्या जिल्ह्यात हे काम कोणत्याही शाळेला लागू आहे.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. एका उद्योजकाने आपणहून आठ मुलांना दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस ‘अनुभव’ देण्याची तयारी दाखवली. मी आनंदाने होकार दिला, लेखी काही घेतले नाही, शिक्षक सोबत पाठवला नाही. चौथ्या दिवशी मी सहज डोकावले, तर मुले टॉवेलांच्या घड्या घालून पिशव्यांत भरत बसली होती. सकाळी नऊपासून, आणि पहिल्या दिवसापासून तेच. मुलांना त्याचे काही वाटले नव्हते, घरी ती तेच करत होती. मला फार वाटले. मी मुलांना त्याच दिवशी परत आणले आणि पालकांची माफी मागितली. शाळेच्या नावावर मुलांकडून फुकट काम करून घेतले गेले होते, आणि ते माझ्या होकाराने.

तेव्हापासून एका पानाचा लेखी ठराव झाल्याशिवाय मी एकही मूल शाळेबाहेर पाठवले नाही. त्या पानावर काय असावे, ते सांगते. मूल तिथे काय शिकणार, हे एका वाक्यात. कोणते काम त्याच्याकडून करून घ्यायचे नाही, हे दुसऱ्या वाक्यात, आणि विक्रीला जाणाऱ्या मालाचे काम त्यात पहिले. किती दिवस, किती वाजता, सोबत कोणते शिक्षक. मुली असतील तर शिक्षिका. पालकांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवून घेतलेली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने ही बंदी एवढी व्यापक झाली आहे. कारखानदाराला हे आधीच नीट सांगितले तर भला माणूस रागावत नाही, उलट त्यालाही ते हवेच असते. जो रागावतो त्याच्याकडे मुले पाठवायचीच नाहीत. शाळेत नियमित येणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक माणसाची ओळख तपासणे, आणि तो मुलांसोबत एकटा राहणार नाही हे पाहणे, ही मुख्याध्यापकाची स्वतःची जबाबदारी आहे. ती कोणावर सोपवू नका.

इतका वेळ भागीदारांविषयी लिहिले, आता वाटांविषयी. इथे मला एक भीती बोलून दाखवायची आहे. ‘वेगवेगळ्या वाटा’ हे शब्द ऐकायला चांगले आहेत, पण आपल्यासारख्या वस्तीत त्यांचा अर्थ फार लवकर असा होतो, की हुशार मुले अकरावी विज्ञानाला आणि उरलेली हाताच्या कामाला. विणकराच्या मुलाला मागच आवडेल, असे गृहीत धरणारे मार्गदर्शन म्हणजे मार्गदर्शन नव्हे. त्याचे आजोबा आंध्र-तेलंगणातून इथल्या गिरण्यांत आले, वडील यंत्रमागावर आले, आणि शाळेनेही त्याला तिथेच पाठवले, तर शाळेने काय केले? म्हणून कोणतीही वाट मुलाला दाखवताना मी दोन प्रश्न विचारत असे. ही वाट मुलाने इतर वाटा पाहून निवडली आहे का? आणि दोन वर्षांनी त्याला वळून दुसरीकडे जायचे झाले, तर दार उघडे आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांना तोंडपाठ हवे, आणि ते बहुधा नसते. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात; म्हणजे आयटीआयला गेलेले मूल शिक्षणातून बाहेर पडत नाही. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मूलही चालते. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला बसता येते, आणि निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. ज्याने शाळाच सोडली, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. मागावर उभ्या राहिलेल्या त्या दोन मुलांपैकी एकाने तशीच दिली. ज्याला आपल्या गतीने शिकायचे आहे त्याला मुक्त विद्यालय आहे. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि नक्षीकामाच्या या शहरात ती परीक्षा केवळ गुणांपुरती मानू नये.

यांतली एक बाब बारकाईने सांगायला हवी, कारण तिथे शाळा नकळत मुलाचे नुकसान करते. आठवीत एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. आपल्या वस्तीतली बहुतेक घरे त्यात बसतात. पण दहावीनंतर मूल पदविकेला किंवा आयटीआयला गेले, की ही शिष्यवृत्ती थांबते. ‘तुला यंत्रांची आवड आहे, पॉलिटेक्निकला जा’ असा सल्ला देणाऱ्या शिक्षकाला हे माहीत नसेल, तर जुलैमध्ये त्या घराचा हिशेब कोलमडतो आणि सल्ला देणाऱ्यावरचा विश्वासही उडतो. याचा अर्थ पॉलिटेक्निकला पाठवू नये असा नाही. दोन वर्षांचे चोवीस हजार सोडून देताना घराला ते आधी सांगावे, आणि पदविकेसाठी कोणती दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत मिळेल ते त्याच बैठकीत कागदावर मांडावे.

हे सगळे कोणी करायचे? तुमच्या शिक्षकांकडे आधीच ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आहेत. सर्वांना थोडे थोडे वाटून दिले तर कोणीच करत नाही. मी एकाच शिक्षिकेकडे हे काम दिले, तिचे दोन तास कमी केले आणि ते दोन तास मी स्वतः घेतले. मुख्याध्यापकाने वर्गावर जाऊन दुसऱ्याचा वेळ मोकळा केला, की बाकीचे शिक्षक त्या कामाकडे गांभीर्याने पाहतात. त्या शिक्षिकेकडे एक जाड वही होती. प्रत्येक मुलासाठी एक पान. घरची भाषा, घरचे काम, काय येते, काय अडते, कोणत्या माणसाशी गाठ घालून दिली, पुढे काय झाले. तिची बदली झाली असती तरी ती वही शाळेत राहिली असती, आणि दोन वर्षांनी नव्या मुख्याध्यापकांना रिकाम्या हाताने सुरुवात करावी लागली नसती.

पैशांविषयी थोडेच सांगते. रोख घेऊ नका. देणगी असेल ती संस्थेच्या खात्यावर, पावतीसह. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशाच्या, मागे लागण्यात पहिले वर्ष घालवू नका. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिलाच २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तो खर्च बंधनकारक आहे. आपल्या आजूबाजूचे चादर-टॉवेलचे बहुतेक कारखाने घरगुती भांडवलावर चालतात, त्यांच्याकडे पैसा बेताचा आणि कसब भरपूर आहे. तेव्हा त्यांच्याकडे कसबच मागावे. वह्या देणाऱ्या मंडळालाही नाराज करू नका. पुढच्या वेळी ते आले की त्यांच्यासमोर तुमची यादी ठेवा, नावे झाकून, आणि विचारा, की तुमच्यापैकी दोघे जण दर शनिवारी दीड तास चार मुलांना इंग्रजी वाचायला शिकवाल का, दिवाळीपर्यंत? आमच्याकडे असे विचारल्यावर एका मंडळाने पुन्हा येणे बंद केले आणि दुसऱ्या मंडळातल्या निवृत्त बँक कर्मचारी बाई चार वर्षे येत राहिल्या. छायाचित्र हवे असेल तर वर्षाच्या शेवटी काढू, असे मी सुरुवातीलाच सांगत असे.

थोडक्यात क्रम असा झाला: आधी गेलेल्या मुलांची यादी, मग घरभेटी, मग त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या भाषेत पालकसभा, आणि त्यानंतरच बाहेरचा माणूस, नेमक्या मुलांसाठी, नेमक्या दिवसांसाठी. पहिल्या वर्षी दोनच भागीदार धरा. तिसरा पुढच्या जूनमध्ये.

वेळापत्रकाचे दोन बारकावे राहिले. जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा कोणत्याही उपक्रमासाठी ठेवू नका. सिद्धेश्वरांच्या यात्रेत शहर गुंतलेले असते, मुले गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, असतात आणि पाहुणा येऊन रिकामा वर्ग पाहून जातो. आणि दहावीच्या निकालानंतर ज्या दिवशी शाळेत गुणपत्रके वाटतात, तो दिवस वर्षभराच्या सगळ्या कामापेक्षा महत्त्वाचा धरा. त्या दिवशी वाटपाच्या खिडकीशेजारी एक टेबल मांडा. तिथे आयटीआयचे आणि पदविकेचे अर्ज भरता येणारा एक माणूस, पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून घेणारा लिपिक, तेलुगू आणि कन्नड बोलणारी एक पालक आणि ती जाड वही असू द्या. स्वतः तुम्हीही तिथे बसा, सकाळपासून खिडकी बंद होईपर्यंत. कमी गुण मिळालेले मूल गुणपत्रकाची घडी खिशात घालून भिंतीच्या कडेने निघून जाते आणि पुन्हा शाळेत येत नाही. त्याला फाटकापाशी गाठून टेबलाशी आणण्यासाठी मी दर वर्षी आमच्या शिपाई मामांना उभे करत असे, कारण ते प्रत्येकाला नावाने ओळखत होते.